‘एव्हरीवन’ आले की आला?

पत्र:

प्रिय ताई,

मी बेचाळीस वर्षांची आहे. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून झालं. नोकरीत इंग्रजी लिहावं लागतं आणि आजवर ते निभावून नेत आले. गेल्या महिन्यात कर्मचाऱ्यांसाठी एक सूचना लिहिली: ‘एव्हरीवन हॅव टू सबमिट देअर फॉर्म्स बाय मंडे.’ साहेबांनी सगळ्यांसमोर ‘हॅव’ला गोल केला आणि ‘हॅज’ करा म्हणाले. मी केलं. मग शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, ‘हॅज’ केलंस तर ‘देअर’ कसं चालेल, तिथे ‘हिज ऑर हर’ पाहिजे. संगणकाने मात्र ‘देअर’खाली रेघ दाखवली नाही. एव्हरीवन म्हणजे सगळे, सगळे म्हणजे अनेकवचन, मग ‘हॅज’ का? आणि ‘हॅज’ बरोबर असेल तर ‘देअर’ का? ईच, नन, सम, ऑल यांचंही असंच होतं. आता साधा ईमेल लिहितानाही हात अडतो. यात काही समजून घेण्यासारखं आहे, की नुसतं पाठच करायचं?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी तुमची सूचना मार्गी लावू. ‘एव्हरीवन हॅज टू सबमिट देअर फॉर्म्स बाय मंडे.’ हे वाक्य असंच पाठवा. साहेबांची दुरुस्ती बरोबर होती, फक्त ती चारचौघांत करायला नको होती. मैत्रिणीची दुरुस्ती घ्यायची गरज नाही. आणि हो, यात समजून घेण्यासारखं पुष्कळ आहे, पाठ करण्यासारखं फार थोडं. मी वर्षानुवर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. या ठिकाणी अडणारी मुलं बहुतेक वेळा विचार करणारीच असायची, कारण ती अर्थ लावून वचन ठरवायची. तुम्हीही तेच केलंत.

गाठ बसली आहे ती ‘एव्हरीवन म्हणजे सगळे’ या ठिकाणी. हा अर्थ चुकीचा नाही, पण शब्द फोडून बघा. एव्हरी आणि वन. प्रत्येक आणि एक. आपल्याकडे ‘सगळे’ही आहे आणि ‘प्रत्येकजण’ही. सभेला वीस माणसं आली तर आपण ‘सगळे आले’ म्हणतो आणि ‘प्रत्येकजण वेळेवर आला’ असंही म्हणतो. माणसं तीच वीस. पहिल्या वाक्यात आपण त्यांच्याकडे घोळका म्हणून बघितलं, दुसऱ्यात एकेकाकडे बघत गेलो, आणि क्रियापद आपसूक एकवचनी झालं. इंग्रजीतलं ‘ऑल’ म्हणजे आपलं ‘सगळे’. ‘एव्हरीवन’ म्हणजे ‘प्रत्येकजण’. एवढा एक अर्थ मनात बदलून घेतलात तरी निम्मी अडचण संपेल.

याच घरातले बाकीचे शब्द एकदमच सांगून टाकते. एव्हरी, सम, एनी, नो या चौघांपुढे वन, बडी, थिंग यांपैकी एकेक लावा. बारा शब्द होतात: एव्हरीवन, समबडी, एनीथिंग, नो वन आणि असेच बाकीचे. बाराही एकवचनी, एकाचाही अपवाद नाही. ‘समवन इज ॲट द डोअर’, ‘नथिंग वॉज सेड’, ‘नोबडी नोज’. इथेही मराठी तुमच्या बाजूची आहे. दारात कोण आहे, बाई की पुरुष, एक की दोन, हे माहीत नसलं की आपण ‘कोणीतरी आलंय’ म्हणतो, ‘कोणी आलं नाही’ म्हणतो. नपुंसकलिंग, एकवचन. ज्याची ओळख पटलेली नाही त्याच्यासाठी आपल्या भाषेनेही एकवचनच ठेवलं आहे. शाळेच्या व्याकरणात या सर्वनामांना सामान्य किंवा अनिश्चित सर्वनामं म्हणतात ते याचसाठी. लिहिताना एक काळजी घ्या: एरवी ‘एव्हरीवन’ जोडून लिहायचं, पण ‘एव्हरी वन ऑफ द बुक्स’सारखं पुढे ‘ऑफ’ असेल तेव्हा एव्हरी वेगळं आणि वन वेगळं. ‘नो वन’ मात्र कायम तोडूनच.

आता ‘ईच’. खरी घसरगुंडी इथे आहे. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपण मराठी माणसं इथे का घसरतो याचं कारण आपल्याच भाषेच्या घडणीत आहे.

‘मुलांपैकी प्रत्येकजण आला.’ हे वाक्य नीट पाहा. ‘मुलांपैकी’ आधी येऊन गेलं आणि ‘प्रत्येकजण’ क्रियापदाला खेटून बसला. चूक व्हायला जागाच नाही. इंग्रजीत क्रम उलटा होतो: ‘ईच ऑफ द बॉइज’. प्रत्येक आधी आला, मुलं नंतर आली आणि क्रियापदाला खेटून बसली. कानात ‘बॉइज’ घुमत असतानाच क्रियापद लिहायची वेळ येते आणि हातून ‘हॅव’ उमटतं. त्यात आपल्या क्रियापदाला आणखी एक सवय आहे. ‘प्रत्येकाने पुस्तकं आणली’ यात ‘आणली’ हे रूप पुस्तकांमुळे आलं, प्रत्येकामुळे नव्हे. हा कर्मणी प्रयोग. म्हणजे जवळ उभ्या असलेल्या नामाकडे बघून क्रियापद घडवायची आपल्याला लहानपणापासून सवय आहे, आणि मराठीत ती सवय चूक नाही. इंग्रजी क्रियापद मात्र कर्त्याच्या जागी बसलेल्या शब्दाकडेच बघतं. मधे कितीही अनेकवचनं येऊन बसू देत. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांचीही या जागी चूक होते, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

यावर मी मुलांना बोट ठेवायला लावत असे, अक्षरशः बोट. वहीत ‘ईच ऑफ द बॉइज’ लिहिलं की ‘ऑफ द बॉइज’वर बोट ठेवा आणि उरलेलं वाचा. ‘ईच हॅज अ बुक’. मग बोट काढा: ‘ईच ऑफ द बॉइज हॅज अ बुक’. ‘वन ऑफ द फाइल्स इज मिसिंग’ याचंही तसंच, बोटाखाली ‘ऑफ द फाइल्स’ गेलं की ‘वन इज’ उरतं. संगणकावर लिहितानाही हे करता येतं. मोठं वाक्य असेल तर बोटच उपयोगाचं, कारण कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये आठदहा शब्द आले की तपासणाऱ्या यंत्राची नजरही चुकते. तुमच्या संगणकाने ‘देअर’बद्दल गप्प राहून बरोबर केलं, पण तेवढ्यावर त्याच्यावर सगळा भार टाकू नका.

‘वन ऑफ’ निघालंच आहे तर आणखी एक. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ असं मी शेकडो वह्यांत वाचलं आहे. मनात ‘माझा एक मित्र’ असतं, म्हणून ‘फ्रेंड’ एकवचनी राहतो. मनात ‘माझ्या मित्रांपैकी एक’ आणा, ‘फ्रेंड्स’ आपोआप येईल. नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स वर्क्स हिअर’.

‘ईच’ची जागा बदलली तर मात्र क्रियापदही बदलतं. ‘द बॉइज ईच हॅव अ बुक’. इथे कर्ता ‘बॉइज’ आहे, ‘ईच’ नुसता मागून आला आहे. आयदर म्हणजे दोघांपैकी कोणताही एक आणि नायदर म्हणजे दोघांपैकी एकही नाही, तेव्हा कार्यालयीन लिखाणात ‘नायदर ऑफ देम इज’ असंच लिहा. बोलताना लोक ‘आर’ म्हणतात, ते ऐकून गोंधळू नका. आणि बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल हे उघड अनेकवचनी शब्द आहेत, तिथे तुम्हीच काय, कुणीही अडत नाही.

मग येतात सम, ऑल, एनी, मोस्ट आणि नन. या पाचांपाशी बोट उचलायचं. इतका वेळ जे झाकलं तेच आता वाचायचं. ‘सम ऑफ द वॉटर इज’ पण ‘सम ऑफ द बुक्स आर’. पाणी मोजता येत नाही, पुस्तकं मोजता येतात. हे शब्द पेल्यासारखे आहेत, आत जे ओताल त्याचा रंग त्यांना येतो. ऑफ नसेल तर काय अध्याहृत आहे ते मनात बघायचं. इथेही मराठी उपयोगी पडते, कारण इंग्रजी ‘ऑल’ सगळीकडे एकच असतं, पण आपलं ‘सगळं’ आणि ‘सगळे’ वेगळं असतं. ‘सगळं संपलं’ म्हणजे ‘ऑल इज लॉस्ट’. ‘सगळे आलेत’ म्हणजे ‘ऑल आर हिअर’.

पण हा आधार एका ठिकाणी दगा देतो, ते आधीच सांगून ठेवते. वचन बघायचं ते इंग्रजी नामाचं, मराठी नामाचं नाही. आपण ‘तिचे सगळे केस पांढरे झाले’ म्हणतो, अनेकवचन. इंग्रजीत डोक्यावरचे केस म्हणजे ‘हेअर’, एकवचनी: ‘ऑल हर हेअर इज व्हाइट’. ‘बातम्या’ अनेक असतात, पण ‘न्यूज’ शेवटी ‘ज’ ऐकू येऊनही एकवचनीच: ‘मोस्ट ऑफ द न्यूज इज गुड’. तुमच्या कामात सारखा येणारा शब्द म्हणजे ‘इन्फर्मेशन’. ‘सम ऑफ द इन्फर्मेशन इज मिसिंग’ हेच बरोबर, आणि ‘इन्फर्मेशन्स’ असं रूप करायचंच नाही. फर्निचर, इक्विपमेंट, ॲडव्हाइस, लगेज हेही त्याच रांगेतले.

‘नन’बद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीने निबंधात ‘नन ऑफ देम वेअर रेडी’ असं लिहिलं होतं. नन म्हणजे ‘नॉट वन’, एकही नाही, म्हणून एकवचन, असं मला शिकवलं गेलं होतं. मी ‘वेअर’वर काट मारली आणि अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत ग्रंथालयातला जाडजूड शब्दकोश दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे आली. पान उघडून बोट ठेवलं आणि काही न बोलता उभी राहिली. नन एकवचनीही चालतं, अनेकवचनीही चालतं, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. मी तिचा अर्धा गुण परत दिला आणि दुसऱ्या तासाला वर्गाला सांगितलं की काल मी चुकीची काट मारली होती. नंतर वाचनात आलं की हा शब्द खरोखरच जुन्या इंग्रजीतल्या ‘नाही’ आणि ‘एक’ या दोन शब्दांपासून झाला आहे, पण त्या जुन्या इंग्रजीच्या काळापासूनच, म्हणजे हजाराहून जास्त वर्षं, तो दोन्ही वचनांत वापरला गेला आहे. शब्दाचं मूळ एक सांगतं आणि वापर दुसरं सांगतो, अशा वेळी वापराचं ऐकावं, असं त्या दिवसापासून माझं मत आहे. तेव्हा ‘नन ऑफ द फॉर्म्स इज’ आणि ‘नन ऑफ द फॉर्म्स आर’ दोन्ही चालेल. पाण्यासारखी न मोजता येणारी वस्तू असेल तर मात्र ‘नन ऑफ द वॉटर इज’ एवढं एकच.

आता तुमच्या मैत्रिणीचा आक्षेप. तो वरवर अगदी तर्कशुद्ध वाटतो: क्रियापद एकवचनी केलं तर पुढचं सर्वनामही एकवचनी हवं. पण एका वाक्यात मेळ दोन जागी बसवायचा असतो आणि दोन्हींचा हिशेब वेगळा आहे. क्रियापद शब्दाचं रूप बघतं. ‘एव्हरीवन’ हे रूप एकवचनी, विषय संपला. नंतर येणारं सर्वनाम त्या शब्दामागची माणसं बघतं, आणि माणसं तर अनेक आहेत, बाया आहेत, पुरुष आहेत. बोलीतलं एक साधं वाक्य घ्या: ‘एव्हरीवन इज हिअर, आरन्ट दे?’ सगळे आलेत ना, एवढाच अर्थ. अर्ध्या वाक्यात ‘इज’, उरलेल्या अर्ध्यात ‘आरन्ट दे’. इथे ‘इजन्ट ही ऑर शी’ असं कुणीही म्हणत नाही. ‘नोबडी कॉल्ड, डिड दे?’ हेही तसंच.

‘हिज ऑर हर’ चूक नाही, पण जड आहे, आणि काही वाक्यांत ते चालतच नाही. हे बघा: ‘व्हेन शी फिनिश्ड, एव्हरीवन क्लॅप्ड, अँड देन दे लेफ्ट.’ तिचं बोलणं संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग ते निघून गेले. इथे ‘दे’ काढून ‘ही ऑर शी’ घालून पाहा. निघून जाणारं माणूस एकदम एकच उरतं, आणि कोण गेलं असा प्रश्न पडतो. मैत्रिणीला हे एक वाक्य दाखवा.

अशा ‘दे’चा वापर काही आजची फॅशन नाही. इंग्रजीत एका, अनोळखी माणसासाठी ‘दे’ वापरल्याची लिखित उदाहरणं १३७५ च्या सुमारापासून सापडतात. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यात ॲन फिशर या शिक्षिकेने लिहिलेल्या व्याकरणात असा नियम आला की पुल्लिंगी सर्वनामात स्त्री आणि पुरुष दोन्ही धरावेत. नंतरच्या व्याकरणकारांनी तो उचलून धरला, आणि १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्यांच्या भाषेसाठी तसाच कायदा केला. त्यामुळे पिढ्यानपिढ्या मुलांना ‘एव्हरीवन हॅज हिज बुक’ शिकवलं गेलं. वर्गात निम्म्या मुली बसलेल्या असताना ‘हिज’ शिकवणं मला स्वतःला कधीच पटलं नाही. पुढे त्यात ‘ऑर हर’ जोडलं गेलं. लोक बोलताना मात्र पहिल्यापासून ‘देअर’च म्हणत राहिले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या लेखनपद्धतीने २०१९ च्या सातव्या आवृत्तीत हा ‘दे’ औपचारिक लेखनासाठीही मान्य केला. तेव्हा तुमच्या सूचनेतलं ‘देअर’ कार्यालयीन कागदावरही शोभतं.

आणि आपल्याला तर हे अवघड वाटायलाच नको. ‘सर आले, त्यांनी वही तपासली.’ सर एकच आहेत, तरी ‘आले’ आणि ‘त्यांनी’. आदरासाठी आपण एका माणसाला रोज अनेकवचन देतो. इंग्रजी ‘यू’चंही तेच झालं. ते मुळात अनेकवचनी होतं, एकासाठी वेगळा शब्द होता, तो मागे पडला, आणि आज एका माणसालाही ‘यू आर’ म्हणतात. एकासाठी ‘दे’ हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे.

मला विचाराल तर या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा सुखी आहे. ‘प्रत्येकाने आपापला अर्ज भरावा.’ बाई की पुरुष हा प्रश्नच उठत नाही, कारण ‘आपापला’ हा शब्द अर्जाचं लिंग घेतो, माणसाचं नाही. शिवाय प्रत्येकाचा वेगळा अर्ज हेही त्यातच आलं. इंग्रजीत ‘आपापला’सारखं सोपं सर्वनाम नाही, म्हणून तिथे ‘देअर’ला ते काम करावं लागतं. तुम्ही मनात ‘आपापला’ ठेवून ‘देअर’ लिहीत जा. वस्तूंचं मात्र वेगळं, तिथे ‘इट्स’च: ‘एव्हरीथिंग इज इन इट्स प्लेस’.

तुमच्या घरी कुणी परीक्षेला बसत असेल तर त्याच्यासाठी एवढंच सांगते की काही पाठ्यपुस्तकांना अजून ‘हिज ऑर हर’ लागतं आणि नन एकवचनीच लागतं. पुस्तक जे मागतं ते उत्तरपत्रिकेत लिहावं.

तुमचा हात अडतो त्यावर एक करून पाहा. पत्र आधी मनात येईल तसं पूर्ण लिहून काढा, वाक्यागणिक थांबू नका. मग फक्त क्रियापदांवरून एकदा नजर फिरवा आणि प्रत्येकाला विचारा, तुझा कर्ता कोण? तरीही एखाद्या ‘एव्हरीवन’पाशी शंका राहिलीच, तर वाक्य फिरवा: ‘ऑल एम्प्लॉइज हॅव टू सबमिट देअर फॉर्म्स’. इथे सगळंच अनेकवचनी, साहेबही गोल करणार नाहीत आणि मैत्रीणही काही म्हणणार नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘एव्हरीवन’च्या वाक्यात ‘देअर फॉर्म’ लिहावं की ‘देअर फॉर्म्स’, ही शंका तुम्हाला उद्या येणार. दोन्ही बरोबर आहेत. माणशी एकच फॉर्म असेल तर मी ‘देअर फॉर्म’ लिहीन, म्हणजे वाचणाऱ्याला दुसरा शोधत बसावं लागत नाही.